पाव फेरा जास्त

पक्कडमास्तरांच्या हिशेबी जगात दोनच तऱ्हेची माणसं होती. एक नट आवळणारी, आणि दुसरी आवळलेल्या नटाला नावं ठेवणारी. पहिल्या तऱ्हेत ते स्वतः होते. सदतीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये फिटर. दुसऱ्या तऱ्हेतला एक नमुना त्यांच्या मुलीने नवरा म्हणून घरात आणला.

जावई कारखान्यात इन्स्पेक्टर होता. म्हणजे लोकांनी घाम गाळून केलेला माल उचलायचा, त्याला माप लावायचं आणि लाल ठिपका मारून बाजूला टाकायचा. मास्तरांच्या मते याला काम म्हणत नाहीत. लग्न ठरलं तेव्हा आठवडाभर त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. आठव्या दिवशी बायकोला म्हणाले, "चोर आणला असता तरी चाललं असतं गं. निदान हाताने काहीतरी करणारा माणूस असता."

पुढे मुलीची बदली झाली, आणि ती नवऱ्यासह आईवडिलांच्या घराच्या तळमजल्यावर राहायला आली. आता हा घरजावई रोज सकाळी अंगणात दात घासताना दिसायचा. मास्तर त्याला 'इन्स्पेक्टरसाहेब' म्हणत आणि 'आपण' म्हणून बोलत. शिवी परवडली, पण ते 'आपण' नको, असं मुलगी म्हणायची. जावईही काही कमी नव्हता. तो शांत राहायचा, आणि भांडखोर माणसाला समोरच्याच्या शांतपणाइतकं दुसरं काहीच झोंबत नाही.

मास्तरांना पक्कड हे नाव कारखान्यानेच दिलं होतं. त्यांची एक पद्धत होती. नट बसत आला की हाताला कळतं, आता झालं. तिथे बाकीचे थांबायचे. मास्तर तिथून पुढे एक पाव फेरा द्यायचे. तो फेरा ते सगळ्यांना दाखवून द्यायचे, जरा खांदा उडवून, आणि मग पाना बाकावर आपटायचे. सदतीस वर्षांत त्यांनी लावलेला एकही नट सैल झाला नाही. ती मशीनंही तसलीच होती, दणकट, पोलादी. एक पाव फेरा त्यांना सहज पचायचा.

निवृत्त झाले त्याच वर्षी मास्तरांच्या उजव्या हाताची करंगळी बधिर झाली. मग शेजारचं बोट, मग त्याच्या शेजारचं. डावा हातही मागोमाग निघाला. चहाचा कप गरम आहे की गार, हे ओठाला लागल्यावर कळायचं. शर्टाची बटणं आरशात बघून लावावी लागायची. हे त्यांनी डॉक्टरला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, कोणालाच सांगितलं नाही. नोकरी गेली होती, पगार गेला होता, लोक बाजारात ओळख द्यायचे थांबले होते. शिल्लक होता तो हात. घरात काहीही हललं, गळलं, निसटलं की मास्तरांना हाक यायची, आणि त्या हाकेवर त्यांचा दिवस निघायचा. हाताला आता कळत नाही हे बाहेर पडलं असतं तर ती हाकही बंद झाली असती. म्हणून ते गप्प राहिले आणि अंदाजाने आवळत राहिले. अंदाज चुकू नये म्हणून थोडं जास्तच.

मुलगी नर्स होती. चाळीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात ती तिची छोटी गाडी घेऊन एकटीच जायची, सगळा हायवेचा रस्ता. गाडीचं ऑइल मास्तर घरीच बदलायचे. अंगणाच्या उतारावर पुढची चाकं दोन फळ्यांवर चढवायची, पाठीवर पडून आत सरकायचं, इंजिनाखालच्या ऑइल चेंबरच्या बुडाचा नट काढायचा, काळं ऑइल घमेल्यात सोडायचं आणि नट परत लावायचा. गॅरेजवाल्याला गाडीला हात लावू द्यायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता.

मग फरशीवर डाग दिसू लागले. मास्तर म्हणाले, जुनी गाडी आहे, घाम येतो. इन्स्पेक्टरने गाडीखाली एक पुठ्ठा सरकवला, आणि रोज सकाळी प्रत्येक नव्या डागाभोवती पेनाने गोल काढून तारीख लिहायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय?" मास्तरांनी विचारलं.

"नोंद ठेवतोय, मामा."

"अंगणात गाडी उभी आहे की कोर्टात खटला?"

"रोज डाग मोठा होतोय. एवढंच लिहिलंय."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी नवं वॉशर आणलं, गाडीखाली शिरले आणि नट असा आवळला की मानेची शीर तटतटली. आवळता आवळता नट एकदम हलका झाला आणि नुसताच गरगरू लागला. आटे गेले होते. मास्तर बाहेर आले, हात पुसले आणि अंगणाच्या मधोमध उभं राहून म्हणाले, "माझ्या पाठीमागे कोणीतरी या नटाला पाना लावलाय. मी नाव घेत नाही. घरात पुरुष दोन, त्यातला एक मी."

इन्स्पेक्टरने तो नट काढला आणि पांढऱ्या कागदावर ठेवून जेवणाच्या टेबलावर आणला. नटाच्या आट्यांत रुपेरी धातूच्या साली गुंडाळल्या होत्या, पेन्सिल तासल्यावर पडतात तशा.

"नट पोलादी आहे, चेंबर ॲल्युमिनियमचं," तो म्हणाला. "दर वेळी जरा जास्त आवळलं गेलं की मऊ धातू सोलून निघतो. हे एका दिवसाचं काम नाही. आता पूर्ण चेंबरच बदलावं लागेल."

"आपण मला धातू शिकवताय?"

"शिकवत नाही. दाखवतोय."

"दाखवायचंच काम आहे आपलं. करायचं आमच्यासारख्यांनी!"

मुलीने ताट सरकवलं. "बाबा, तुम्ही दोघं मिळून बदला. सोमवारी मला गाडी पाहिजे. आणि भांडायचं असेल तर गाडीखाली भांडा, टेबलावर नको."

शनिवारी दोघे गाडीखाली शेजारी शेजारी पडले. पूर्ण सकाळ त्यांच्यात दहा-बारा शब्द झाले असतील, आणि तेही मुलीच्या मार्फत. "त्यांना सांग, पाना सोडा." "बाबांना सांग, आधी पुसून घ्या." जुनं चेंबर निघालं, कडेचं वाळलेलं पॅकिंग मास्तरांनी पात्याने खरवडून काढलं. ते काम डोळ्यांनी होण्यासारखं होतं, म्हणून ते त्यांनी उत्तम केलं. नव्या चेंबरच्या कडेला सिलिकॉनची रेघ ओढली. बारीक बोल्ट एकाआड एक बसले. मास्तर ते नुसते हाताने आट्यात अडकवून द्यायचे, आणि आवळायचं काम इन्स्पेक्टर त्याच्या टॉर्क पान्याने करायचा. तो पाना ठरलेल्या ताकदीला 'कट' असा वाजतो, आणि वाजला की थांबायचं. मास्तरांना त्या आवाजाची शिसारी आली.

शेवटी राहिला बुडाचा नट. मास्तरांनी पाना उचलला, तेवढ्यात गाडीच्या बाजूला मुलगी उकिडवी बसली.

"बाबा, तो त्याला लावू द्या."

"काय?"

"शेवटचा नट त्याला लावू द्या. तुम्ही उजेडाला बॅटरी धरा."

सदतीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांना बॅटरी धर असं कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी धरली. कट वाजलं. मग इन्स्पेक्टरने खिशातून पिवळ्या रंगाचा पेन काढला आणि नटावरून थेट चेंबरवर एक सरळ रेघ मारली. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटणार आणि कळणार.

"लाल संपला वाटतं?" मास्तर म्हणाले.

"लाल नापास मालाला. हा पास आहे."

सिलिकॉन वाळायला एक दिवस दिला. रविवारी ऑइल भरलं, इंजिन चालू केलं, पुठ्ठा कोरडा राहिला. इन्स्पेक्टरने त्यावर तारीख टाकली. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. पोट बिघडलंय, असं बायकोला सांगितलं.

सोमवारी सकाळी मुलगी कपडे बदलत होती, जावई आंघोळीला गेला होता. मास्तर खाली उतरले आणि पाना घेऊन गाडीखाली शिरले. आपण नुसतं बघणार आहोत, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. त्यांनी पाना नटावर चढवला आणि थोडा जोर दिला. हात काहीतरी सांगेल म्हणून थांबले. हाताने काही सांगितलं नाही. मग त्यांना त्या पोराच्या 'कट'चा, पेनाचा, 'हा पास आहे' या शब्दांचा इतका संताप आला, की त्यांनी दात आवळून एक पाव फेरा दिला.

पाना सहज फिरला. फार सहज. नटाच्या कडेने ऑइलची एक बारीक धार सुटली आणि त्यांच्या बोटांवरून मनगटाकडे गेली. ती त्यांना दिसली, लागली मात्र नाही. पिवळी रेघ मधोमध तुटली होती. अर्धी नटावर, अर्धी चेंबरवर.

शेजारी फडकं पडलं होतं, रॉकेलमध्ये भिजलेलं. मास्तरांनी ते उचललं. रेघ पुसली की काम झालं. नट त्याने लावला, गळतोय, बस्स. त्यांनी चेंबरवरची अर्धी रेघ पुसलीसुद्धा. तेवढ्यात मुलीचे बूट चाकापाशी आले.

"बाबा? तुम्ही खाली काय करताय? निघा बाहेर, मला उशीर होतोय."

"गळतंय," मास्तर आतून म्हणाले. "तुझ्या साहेबांनी लावलंय ते गळतंय."

"काल तर कोरडं होतं." तिने दार उघडलं. "संध्याकाळी बघेल तो. त्याने लावलंय ना, मग पोचेन मी."

तिच्या त्या विश्वासाचा त्यांना राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. चाळीस किलोमीटर. वाटेत ऑइल सांडून इंजिन जाम झालं, मागून ट्रक आला तर? "गाडी हलवायची नाही!" ते ओरडले. "बोलाव त्याला!"

इन्स्पेक्टर ओल्या केसांनी आला, बॅटरी घेऊन आत वाकला आणि नटावर उरलेली अर्धी रेघ त्याला दिसली. मग त्याने मास्तरांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. फडक्यावर पिवळा डाग होता.

"का आवळलात?" त्याने विचारलं.

"सैल वाटला."

"टॉर्क पान्याने आवळलेला नट सैल कसा वाटेल? हाताला कळलं असेल ना तुमच्या. सदतीस वर्षांचा हात आहे!"

पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. मास्तरांना शिवी द्यायची होती. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"कळत नाही. बोटं बधिर आहेत माझी. काहीच कळत नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

मुलगी "बाबा!" एवढंच म्हणाली. इन्स्पेक्टर मात्र एकदम उठून उभा राहिला.

"गेल्या महिन्यात टायर कोणी बदलले?"

"मी."

तो डिकीतून चाकाचा पाना घेऊन आला. पहिल्या चाकाचे नट इतके घट्ट होते की त्याला पान्यावर पाय देऊन उभं राहावं लागलं. दुसऱ्याचेही तसेच. तिसऱ्या, मागच्या डाव्या चाकाचा एक नट त्याने पाना न लावताच फिरवला. नुसत्या बोटांनी. शेजारचाही फिरला. मुलगी पायरीवर बसली, आणि आपल्या रोजच्या ऐंशी किलोमीटरचा विचार तिच्या तोंडावर दिसला.

"म्हातारपणाची लाज वाटते म्हणून बायको मारली असतीत माझी," इन्स्पेक्टर म्हणाला. मामा नाही, काही नाही. "दोन वर्षांत अजून काय काय आवळलंय? सगळं सांगा. एक सोडायचं नाही."

मास्तर फळीवर टेकले. ते बोटांवर मोजू लागले, आणि मोजताना त्यांना बोटांकडे बघावं लागत होतं. "तुमच्या खोलीतला पंखा. गॅसच्या नळीची क्लिप. पाण्याच्या टाकीचा स्टँड. जिन्यातला..."

वर गॅलरीत त्यांची बायको आली होती. आरडाओरडा ऐकून ती कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून, अंगाचा पूर्ण भार टाकून खाली बघत होती. मास्तरांची नजर वर गेली. गेल्या वर्षी तो कठडा हलत होता. चार बोल्ट होते त्याला.

इन्स्पेक्टरने त्यांच्या नजरेमागे नजर नेली आणि जिन्याकडे धावत सुटला.

"मागे हो!" मास्तर ओरडले. "अगं, मागे हो, टेकू नकोस!"

"का?" बायको म्हणाली. "तुम्हीच तर बसवलाय." आणि ते काय म्हणतायत ते नीट ऐकू यावं म्हणून ती आणखी थोडी पुढे वाकली.