देवळात मिटवलेली तक्रार

फौजदारानं माझ्या बापाला चौकीच्या अंगणात कान धरून उठाबशा काढायला लावल्या.

बाबा पासष्टीचे, गुडघे गेलेले. मासळीचा टेम्पो मी चालवते. नाक्यावर फौजदारसाहेबांना पापलेट हवे होते, फुकट. बाबा म्हणाले, गिऱ्हाइकाचे आहेत. झालं. टेम्पो आत, आम्ही आत.

"कान धर रे," फौजदार म्हणाला. माझ्याहून लहान असेल. बाबांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर उन्हात बर्फ वितळत होता. मला फक्त सुटायचं होतं.

"बाबा, काढा," मी म्हटलं. "काढा आणि घराक जावया."

त्यांनी काढल्या. मधेच तोल जाऊन हात टेकले, तर शिपाई हसले. हसले मेले. पण शब्द माझा होता.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं प्राधिकरण असतं, तिथे तक्रार केली. नोटीस लागताच फौजदार गावात हजर, हातात नारळ. मानकरी म्हणाले, देवासमोर मिटवा, कोर्टकचेरी कशाला. गेलो देवळात. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "ह्यांच्यातलो तंटो मोडून टाक, रे म्हाराजा." लहानपणापासूनची सवय. सगळ्यांबरोबर मीही ओरडले, "व्हय म्हाराजा." बाबा तेवढे गप्प.

घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा चौकीतल्या उठाबशांचा विषय काढला.

"फौजदारान सांगल्यान, तेचा माका काय नाय. पण तू सांगलंस गो."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. त्या रात्री जेवण गेलं नाही. आजही त्यांच्या पुढ्यात ताट ठेवताना हात चोरटा होतो.

तक्रार मी मागे घेतली नाही. सुनावणीत फौजदाराच्या वकिलानं मोबाईलवर देवळातला व्हिडिओ लावला. बाईंनी देवासमोर होकार दिलाय, म्हणाला. अध्यक्षांनी विचारलं, खरं का? लाजेनं मान खाली गेली. तरी बोलले, "तो होकार देवाला होता. फौजदाराला नाही. तक्रार चालवा."

आता दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावाही लावलाय. माझ्या वकीलबाई म्हणतात, तुम्ही बाबांना काय म्हणालात ते बोलू नका, उलटतपासणीत अंगाशी येईल. येऊ दे. ते गाळून साक्ष द्यायची तर मग त्या फौजदारात आणि माझ्यात फरक काय राहिला?

शपथेवर सगळं सांगणार, बाबा समोर बसलेले असताना. त्यांनी माफ करावं म्हणून नाही. माझ्या वाट्याचं मी सांगितलं, की फौजदाराच्या वाट्याचं त्याला भर कोर्टात विचारणार.