कलत्या उन्हातलं गलबत

शॉन मास्टर गेल्याचा फोन परदेशातून त्याच्या मुलीनं केला. बाई इंग्रजी बोलत होती, म्हणून आमच्या लेकीनं घेतला. "बाबा, तुमचा कुवेतचा मास्टर वारला." मी जेवत होतो. जेवण पुरं केलं, हात धुतले आणि पडवीत जाऊन बसलो...

मी चौथी नापास. पण दगडातलं मला कुणी शिकवू नये. तेलाच्या पैशानं कुवेतात इमारती उठत होत्या, तेव्हा, पन्नास-साठच्या दशकात, रत्नागिरीकडून आम्ही बरेच तिकडे गेलो. शुवैख बंदराजवळ ठेकेदाराची दगडकामाची शेड होती. तिथं हा आयरिश मूर्तिकार आला. बाप थडगी कोरणारा. ह्यानं पोरवयापासून चर्चमधले संत घडवलेले. तो उभ्यानं काम करायचा, मी उकिडवा बसून, दगड पायानं दाबून. पहिल्याच दिवशी मोडक्या हिंदीत म्हणाला, "तू दगड घडवतोस, की त्याचे पाय चेपतोस?" मी म्हटलं, "तू उभा, दगड उभा. दोघांत पाहुणा कोण?"

शहरातल्या मिरकाब भागात एका कंपनीच्या दारावर गलबत हवं होतं. मास्टरनं ते उथळ कोरलं. शेडमध्ये बाजूनं तिरपा उजेड यायचा, त्यात शीड फुगल्यासारखं दिसे. "खोल काप," मी म्हणालो. "दगड आहे, कलिंगड नाही," तो म्हणाला.

"तुझ्या गावात ऊन असतं का?" मी विचारलं.

"असतं ना. रविवारी. पाद्र्यानं परवानगी दिली तर."

दगड दारावर बसवला. दार पश्चिमेचं. दुपार कलली, ऊन थेट पांढऱ्या दगडाच्या तोंडावर आलं आणि सगळ्या रेघा गेल्या. मालकानं वर पाहून विचारलं, "गलबत कुठाय?" ठेकेदारानं तिथंच सुनावलं, दुरुस्त करा, नाहीतर दगड खाली आणि मास्टर पुढच्या बोटीनं घरी.

आम्ही दोघं परांचीवर चढलो. काम त्या उन्हातच करायचं, कारण सावली केली की काय दिसतं ते कळेना. मास्टर उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला. मी शिडाखाली छिन्नी खोल घातली, तर नाळेचं, गलबताच्या पुढच्या भागाचं, टोक उडालं. दगडात चीर होती, हे मी आजही सांगतो. मास्टरनं वाकून पाहिलं. मग तुटल्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "इथं लाट." नाळ त्यानं फेसात घुसवली. मालक पुन्हा आला, बराच वेळ बघत राहिला. "आता चाललंय," म्हणाला.

मास्टर राहिला. पुढं बरीच वर्षं कामं केली, मग मायदेशी जाऊन मुलांना कोरकाम शिकवलं म्हणे. माझं खरं होतं, असं काही तो कधी म्हणाला नाही. फक्त त्यानंतर अस्रची, कलत्या दुपारची अजान झाली, मी नमाजाला उठलो, की तो कोरायला घेतलेला दगड ओढत उन्हात न्यायचा.

जाताना त्यानं एकट्यानं कोरलेलं छोटं गलबत मला दिलं. ते पडवीतच असतं. फोन आला त्या दिवशी ऊन कलल्यावर मी ते उचलून अंगणात मांडलं, तोंड पश्चिमेला करून. लेक दारातून म्हणाली, "बाबा, शिडाखाली केवढी सावली पडते हो!"

"खोल कापलंय त्यानं," मी म्हणालो.