एका धाग्याची रेघ

चार मे, भर सुट्टीतली सकाळ. मी शाळेच्या कचेरीत पहिलीच्या प्रवेशाच्या पत्रकांना घड्या घालत होते आणि पत्रकावरची अक्षरं ज्यांनी घडवली ते माझे धाकटे दीर समोर बसून एकेक घडी नखाने सरळ करत होते. अक्षराच्या अंगकाठीवरून जगाची लायकी ठरवणारा असा दुसरा माणूस साऱ्या सुरतेत सापडायचा नाही. पोटासाठी ते साड्यांच्या काठांची नक्षी काढतात, त्यामुळे सगळं धाग्यांत मोजायची सवय. सहा वर्षं खपून त्यांनी मराठीचा एक फॉन्ट केला: उभा दंड नऊ धाग्यांचा, आडवी रेघ एका धाग्याची, आणि दंडाच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढं नाजूक पाऊल. देखणा, यात वाद नाही. पण त्यापायी माणूस हातचा गेला. हॉटेलात मेनूकार्डावरची अक्षरं एकाच जाडीची दिसली की हे न जेवता उठणार. एका शोकसभेत सगळे डोळे पुसत होते, तर हे फलक बघून माझ्या कानात म्हणाले, "वहिनी, माणूस गेला ते गेला, पण त्याच्या नावाची वेलांटी केवढी सुजलीय!" भाचीच्या लग्नपत्रिकेत नावं त्यांनी एवढी मोठी मांडली की मुहूर्ताला जागाच उरली नाही. लोक फोन करून आधी पत्रिकेचं कौतुक करायचे, मग वेळ विचारायचे.

मी त्यांना गाठलं ते गरजेपोटी. सुरतेच्या लिंबायत भागातली आमची मराठी शाळा. आईबाप इंग्रजी-गुजरातीकडे वळलेले, आणि यंदा पहिलीला पुरेशी मुलं आली नाहीत तर वर्ग बंद. म्हणून दिरांच्या अक्षरांत घरोघर वाटायची पत्रकं काढली. संगणकाच्या पडद्यावर अक्षरं झळकली. पण स्वस्त कागदावर, बारीक आकारात छापली तेव्हा रेघा उडाल्या आणि नुसते दंड उभे राहिले. छापलेलं टाकायचं कसं, म्हणून घड्या चालू होत्या.

"भाऊजी, रेघ जाड करा."

"मग ती रेघ नाही वहिनी, दोरखंड!"

तेवढ्यात आदल्या दिवशी पत्रक नेलेली खानदेशातली एक आई ते घेऊन परत आली. "बाई, हाई अर्धंच छापेल शे का?"

भाऊजींनी पत्रक घेऊन घडाघडा वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "तुम्हले पाठ शे, भाऊ. आम्हले वाचनं शे."

खिशातली पेन्सिल काढून भाऊजींनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "ताई, कुठं अडतं तिथं बोट ठेवा."

तिने ठेवलं, त्यांनी खुणा केल्या. आठवड्याभरात बारीक मजकुरासाठी त्यांनी वेगळी अक्षरं काढली, तीन धाग्यांच्या रेघेची. शाळेचं नाव मात्र वर मोठं, जुन्याच थाटात. नवा गठ्ठा माझ्या दारात ठेवताना त्यांनी वरच्या पत्रकावरून अंगठा फिरवला. "जाड झाली," म्हणाले, "पण चालते बघा, वहिनी." आवाज जरा बारीक होता. मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गठ्ठा घेऊन चाळीचाळींतून फिरले. एका दारात रात्रपाळीवरून आलेला बाप बायकोला पत्रक मोठ्याने वाचून दाखवत होता, न अडखळता, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग त्याने मान वर केली. "मॅडम, पोरीचा जन्मदाखला गावाकडं आहे. आत्ता नाव लिहिलं तर चालंल?"

मी पिशवीतून वही काढली, त्याच्या उंबऱ्यावर बसले आणि पोरीचं नाव विचारलं.