अठरा मीटरचे जावई

मी पाण्याखाली अठरा मीटरपर्यंत जायला पात्र आहे, असं माझ्याकडच्या कार्डावर लिहिलेलं आहे. कार्ड खरं आहे. पात्रतेचं सांगतो.

लातुरात मी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. एका दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाऊन स्कूबा डायव्हिंगचा कोर्स केला. लेखी परीक्षेत पन्नासपैकी एकोणपन्नास पडले (उरलेला एक कुठं गेला याची मी चौकशीही केली). निघताना प्रशिक्षकानं बजावलं, "सर, पाठीवर सिलेंडर आणि सोबत जोडीदार असेल तरच हे कार्ड. बाकी ठिकाणी नाही म्हणायची जबाबदारी तुमची." मी मान डोलावली. लातूरचा माणूस एकदा पास झाल्यावर पुढचं कशाला ऐकतोय!

क्लासच्या मालकांनी माझा तोंडात नळी धरलेला फोटो घेऊन चौकात फ्लेक्स लावला, 'सरांचे हार्दिक अभिनंदन'. आमच्याकडं फ्लेक्सवर आलेल्या माणसाला काहीही येतं, अशी समजूत आहे. तो फ्लेक्स माझ्या सासऱ्यांनी पाहिला. त्याच आठवड्यात रेणापूरजवळ त्यांच्या विहिरीत दोर तुटून पाणबुडी मोटार तळाला गेली.

मी बायकोसोबत पोचलो तर मोटारी काढणारे रशीदचाचा लोखंडी गळ घेऊन काठावर उभे. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यांना थांबवलेलं.

"गळ राहू द्या चाचा. आमचे जावई डायव्हर हायत."

"मामा, सिलेंडर नाही," एवढंच मला म्हणायचं होतं. तीन शब्द. पण काठावर निम्मं गाव जमलं होतं आणि मामांची छाती अशी काही फुगली होती की मी मुकाट्यानं शर्ट काढला.

चाचांनी दोर पुढं केला. "सर, कमरेला बांधून घ्या. भूकंपात ही विहीर आतून लई ढासळली. तवापासून तळ कुणी बघितला न्हाई."

"कार्ड असल्यावर दोर कशाला?" हे वाक्य माझंच. दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवता येत नाही.

उडी मारली. दहा-बारा फुटांवर कान फुटायची वेळ आली. पाण्याच्या दाबावर मी दरवर्षी आठवडाभर शिकवतो. नाक दाबून कान मोकळे करायचे, हेही तोंडपाठ होतं, पण त्या घडीला नाकच सापडेना. धडपडत वर आलो तो भूकंपात दगड निखळून झालेल्या एका कपारीखाली. तिथून मी वरच्यांना दिसत नव्हतो. आणि मला दुर्बुद्धी सुचली. दोन मिनिटं इथंच गप राहावं, मग बाहेर निघून 'तळ लागत नाही' म्हणावं. अब्रू शाबूत.

वरचं सगळं ऐकू येत होतं.

"किती वेळ झाला?" मामांचा आवाज.

"लई झाला," चाचा म्हणाले.

"बाबा, ते शॉवरखालीसुद्धा डोळे मिटून घेतात हो," बायको रडवेली होऊन म्हणाली.

आणि धपकन आवाज झाला. धोतरासकट मामा पाण्यात! वय सत्तरीला आलेलं, रोज बीपीची गोळी. एकदा खाली गेले, वर आले, दम घेतला, पुन्हा गेले. मी शरमेनं तोंड उघडलं नाही. तिसऱ्यांदा गेले ते येईनात.

तेव्हा मला खरी भीती वाटली. अब्रू, फ्लेक्स, कार्ड, सगळं डोक्यातून गेलं. "मामा, मी हितं हाय!" असं ओरडत कपारीतून बाहेर आलो. पाण्यावर बुडबुडासुद्धा नव्हता. चाचा दोर घेऊन पायऱ्या उतरायला लागले.

मामा पलीकडच्या कोपऱ्यात वर आले. ओठ निळे, मुठीत गाळ. मला शोधायला तळ चाचपून आले होते. माझ्याकडं बघितलं, मग कपारीकडं बघितलं.

"हितं होतात व्हय?"

"हो, मामा."

"बरं. आता बोलू नका."

दोराला धरून आम्ही पायरीवर आलो. मला मान वर करवत नव्हती. माणसं धावत आली. काय झालं, काय झालं? मामांनी धोतर पिळलं आणि शांतपणे सांगितलं, "माझा पाय घसरला. जावयांनी काढलं मला."

मोटार चाचांनी गळानं अर्ध्या तासात काढली. पण बोलबाला माझाच झाला. पुढच्याच सोमवारी चाकूरहून दोन शेतकरी थेट माझ्या क्लासात येऊन उभे राहिले. त्यांचीही मोटार पडली होती. समोर दीडशे पोरं वह्या उघडून बसलेली.

"सर, लई नाव ऐकलंय तुमचं. किती खोल जाता?"

खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "हनुवटीपर्यंत."