रमाताईंचा कायमचा पत्ता

९ जानेवारी २०२४ रोजी रमाबाई मेश्राम यांनी डॅलसचं विमानाचं तिकीट रद्द केलं, त्यात १३८ डॉलर ४० सेंट बुडाले. रमाताई नागपूरच्या मनपा शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आता इथल्या नागरिक आणि मतदार. सहा महिने अल्फारेटाला मुलीकडे, सहा महिने दुसऱ्या राज्यात, डॅलसजवळच्या फ्रिस्कोला मुलाकडे, असा त्यांचा शिरस्ता. मुलगी उपासना माझी शेजारीण. त्या घराचे टॅक्सचे कागद मी भरून देतो.

तिकीट रद्द झालं निवडणुकीमुळे. घटनेच्या रक्षणाची शपथ घेऊन नंतर बंडात सामील झालेल्याला पुन्हा पद नाही, असं इथल्या घटनेत कलम आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराला ते लागू होतं, त्याचं नाव आमच्या राज्याच्या मतपत्रिकेवर नको, असा आक्षेप रमाताईंनी नोंदवला होता आणि त्याच्या सुनावणीसाठी त्यांना इथे थांबायचं होतं.

"भाऊ, शपथ म्हणजे काय हॉटेलातलं मेन्यूकार्ड आहे का? आवडेल तेवढं घ्यायचं!" असं मला म्हणाल्या.

मुलगा नकुल घटस्फोटानंतर एकटा राहतो. तो फोनवर कुरकुरला, "आई, कोर्टात काय करतेस तू? मी इथे फ्रोझन पोळ्या खातोय."

"नीट भाजून खा."

अर्ज उपासनाने टाइप केला. सुनावणीला गाडी मी नेली. उमेदवाराचा वकील तरुण आणि नम्र होता. त्याने उमेदवाराबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. आक्षेप घेणाऱ्याचं कायमचं घर याच राज्यात हवं. तेवढंच त्याने धरलं. वर्षातून इथे किती राहता?

"अर्धं," रमाताईंनी सरळ सांगितलं.

न्यायाधीशबाईंनी समजावलं, माणूस दोन घरी राहू शकतो. पण कुठेही असलं तरी ज्या घरी परतायचं मनात असतं, ते कायमचं. तुमचं कोणतं?

उपासना आईकडे बघत होती. 'अल्फारेटा' एवढं म्हटलं की काम झालं असतं.

"फ्रिस्को," रमाताई म्हणाल्या. "मुलाचं घर."

आक्षेप तिथेच फेटाळला गेला.

गाडीत उपासनाने पट्टा लावला. मग म्हणाली, "बाथरूममध्ये तुला धरायला दांडी बसवली मी. तुझी वेगळी खोली आहे. आणि तू फ्रिस्को म्हणालीस!"

"तुझ्याकडे नवरा आहे, लेकी आहेत. मी नसले तरी घर चालतं. तिकडे मी नसले की तो उभ्याउभ्या जेवतो. इथे मी सुखात असते गं, पण जीव तिकडे असतो. शपथ घेऊन खोटं बोलू?"

"मग केस कशाला केलीस?"

"मला काय माहीत, ते मलाच विचारतील! मला वाटलं, त्या उमेदवाराला विचारतील."

उपासनाला हसू आलं आणि तिने डोळेही पुसले. घरी पोहोचेपर्यंत तिने आईचं डॅलसचं नवं तिकीट काढलं होतं.

मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशा उमेदवाराला या कलमाखाली अपात्र ठरवणं राज्यांच्या हातात नाही. रमाताईंचा फ्रिस्कोहून फोन आला. "जयभीम भाऊ. म्हणजे अल्फारेटा म्हटलं असतं तरी हरलेच असते मी. उपासनाला तेवढं सांगा."

मी सांगितलं.

"काका, तिला म्हणावं, हरली असतीस तरी अल्फारेटा म्हणायचं होतंस," उपासना म्हणाली. मग विचारलं, "जेवतोय ना तो नीट?"

सुनावणीच्या दिवशी पार्किंगचे चौदा डॉलर मी भरले. ते त्या घराकडून अजून यायचे आहेत.