दर महिन्याला तेवढेच

आमच्या घराचं विजेचं बिल मी चार वर्षं उघडून वाचलंच नव्हतं. सिंगापूरच्या तोआ पायोह भागातला हा फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हाच मी जायरोचा अर्ज भरून टाकला होता. जायरो म्हणजे बँकेतून पैसे परस्पर वजा होण्याची इथली सोय. आमच्या वीज कंपनीची त्यातही एक योजना होती: वापर कमीजास्त झाला तरी दर महिन्याला ठरलेली एकच रक्कम जाणार. मला ती भलतीच आवडली. पुण्यात शिकत असताना मी महिन्याची मेस लावली होती. पैसे एकदा भरले की चार पोळ्या खा नाहीतर आठ, मावशी वाढायच्या. विजेचंही तसंच असणार असं मी धरून चालले आणि पुन्हा त्याचा विचार केला नाही. आम्ही दोघं नोकरीला, मुलगी शाळेत, वापर बेताचा. त्यामुळे माझं अज्ञान कधी उघडं पडलं नाही. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत दिवसभर दुसऱ्यांचे व्यवहार तपासणाऱ्या बाईने असं करावं, हे लिहितानाही लाज वाटते.

आई गेल्यावर मी बाबांना इकडे आणलं. त्यांचा लाँग टर्म व्हिजिट पास, म्हणजे इथे दीर्घकाळ राहण्याचा परवाना, झाला होता, तरी त्यांनी परतीचं तिकीट काढूनच विमानात पाय ठेवला. पुण्यात ते एकटे राहणार या विचाराचाच मला धसका होता. मला ते इथे हवे होते, कायमचे. आणि ते तर दुपारी घरातही टिकेनात. एसी लावायचा नाही, पंखा एकवर, आणि जेवण झालं की चालत टाउन सेंटरच्या लायब्ररीत जाऊन बसायचं.

"तिथे एसी चालूच असतो की," ते म्हणायचे. "मी गेलो काय, न गेलो काय."

एकदा लायब्ररीतून येताना उन्हात त्यांना चक्कर आली. बस स्टॉपवरच्या एका चिनी आजींनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"बाबा, एसी लावला म्हणून आपलं बिल वाढत नाही. रक्कम ठरलेली आहे. कितीही वापरा, तेवढेच जातात."

"कितीही?"

"कितीही."

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. न मोजता कुणी काही देतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण माझ्यावर होता. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी खोली गार करून, पांघरूण घेऊन झोपू लागले. चेहरा भरला. शाळेतून आलेल्या नातीला थालीपीठ लावून देऊ लागले, तिच्याकडून सिंगापूरची इंग्रजी शिकू लागले. तिकिटाचा विषय निघेनासा झाला. मी मनातल्या मनात लढाई जिंकली होती.

मग एका रविवारी सकाळी कंपनीची ईमेल आली. मी पोहे परतत होते, म्हणून मुलीला म्हटलं, वाच गं काय आहे ते. तिने मोठ्याने वाचलं. वर्षभराचा आढावा घेतला असता वापर ठरलेल्या रकमेपेक्षा बराच जास्त निघाला होता. फरक भरायचा होता आणि पुढच्या महिन्यापासून ठरलेली रक्कमही वाढणार होती.

"आजोबा, नॉट फ्री लाह," ती म्हणाली. "दे जस्ट काउंट लेटर."

बाबांनी तिच्या हातातून टॅब घेतला, ईमेल दोनदा वाचली. मग मला गॅस बंद करून समोर बसायला सांगितलं.

"ही रक्कम म्हणजे वर्षभराच्या वापराचा अंदाज आहे, बारा भागांत वाटलेला. मीटर बाहेर मोजतोच आहे. कमी वापरलंस तर तुझे पैसे त्यांच्याकडे जमा राहतात, जास्त वापरलंस तर तू देणं लागतेस. वर्षाने जुळवणी होते. उरलेले परत, कमी पडलेले भरायचे. चार वर्षं बिल वाचलं नाहीस?"

"नाही."

"आणि नोकरी बँकेत?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"मला वाटलं, माझ्यामुळे तुमचं काहीच वाढत नाहीये," ते म्हणाले. "म्हणून निवांत राहिलो. तिकीट आहेच पुढच्या महिन्याचं. जाऊन येतो."

मला संताप आला. कंपनीचा, स्वतःचा आणि सगळ्यात जास्त त्यांचा. पैशांचा प्रश्नच नव्हता; तो फरक आम्ही सहज भरला असता. पण तसं म्हणून उपयोग नव्हता. स्वतःच्या लेकीच्या तोंडून 'परवडतं आम्हाला' ऐकलं की त्यांना अपमान झाल्यासारखं वाटतं. मला रडूही येत होतं आणि पोहेही गार होत होते. मग जे सुचलं ते बोलले.

"बाबा, नवी रक्कम ठरलीय ती तुम्ही इथे आहात हे धरून. वर्षभर तेवढेच जाणार. तुम्ही गेलात तर जास्तीचे पैसे कंपनीकडे नुसते पडून राहतील."

उरलेले पैसे परत मिळतात, हे त्यांनीच मला दोन मिनिटांपूर्वी शिकवलं होतं. रक्कम मध्येच कमी करून घेता येते, हेही ईमेलमध्ये लिहिलेलं होतं आणि त्यांनी ती दोनदा वाचली होती. आयुष्यात त्यांनी माझी एकही चूक दाखवल्याशिवाय सोडलेली नाही. मी वाट बघत बसले.

बाबांनी टॅब नातीच्या हातात परत दिला.

"पडून राहतील खरं," ते म्हणाले. "मग वर्षभर तरी राहायला हवं."