अर्ध्या गुणाचा बाण

डासाचं जीवनचक्र मी एकतीस वर्षं फळ्यावर काढलं. अंडी, अळी, कोष, डास, आणि त्यांना जोडणारे चार बाण. मुलं शेवटचा बाण हमखास विसरायची, डासाकडून परत अंड्याकडे जाणारा. मी अर्धा गुण कापायचे. "हा बाण नसेल तर चक्र कसलं? ती नुसती रांग झाली," असं ओरडायचे. निवृत्त झाले तरी तो आवाज काही गेला नाही, घरचे साक्ष देतील.

यंदा पावसाळा लागल्यावर नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी महापालिकेच्या, डासांच्या अळ्या तपासणाऱ्या दोन बाया आल्या. "मॅडम, कूलर पाहू द्या," त्या फाटकातूनच म्हणाल्या. मला रागच आला. म्हटलं, "तुमच्या हातातल्या कागदावर जे छापलंय ना, ते मी जन्मभर शिकवलंय. पाणी कधीच काढून टाकलं." त्यांनी आत न येताच भिंतीवर खडूनं तपासल्याची खूण केली आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

पाणी काढलं होतं, हे खरंच होतं. टाकी घासली नव्हती. आमच्याकडे उन्हाळा सरला म्हणून कूलर उतरवतं कोण? तो खिडकीतच राहतो, वरून एक जुनी चादर टाकली की झालं.

त्या खिडकीखाली शेजारची तिसरीतली पोर रोज संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला बसायची. एके दिवशी ती आली नाही. ताप होता. चौथ्या दिवशी अंगावर लाल ठिपके उठले आणि तिच्या आईनं तिला धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केलं. डेंग्यू. प्लेटलेट उतरत होत्या.

डबा घेऊन मी दोन्ही वेळा जायचे. बाकावर बसवत नव्हतं. उठायचे, पाण्याच्या मशीनपर्यंत जायचे, न पिताच परत यायचे. बोटं आपोआप मोजत होती: अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. मग त्यानं कुणा आजाऱ्याला चावायचं. विषाणू त्याच्या अंगात मुरायला पुन्हा तितकेच दिवस. पोरीला चावल्यावर ताप यायला आणखी पाच-सहा. मोजत मोजत मी मागे जायचे आणि दर वेळी माझ्याच खिडकीशी येऊन थांबायचे.

ती भरती झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी घरी येऊन चप्पलही न काढता चादर उचलली. टाकीत चार बोटं पावसाचं पाणी, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. कोषही होते, स्वल्पविरामासारखे वाकलेले. ही अंडी टाकीच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. हेही मी शिकवलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी निदान कोरडी असते तरी बरं झालं असतं.

पाणी उन्हात मातीवर ओतलं. तारेच्या घासणीनं टाकी इतकी घासली की रंग निघाला. पण मनाची तडफड थांबेना. डास कुठूनही आला असेल, समोरच्या बांधकामावरून, शाळेतून. सिद्ध काहीच होत नव्हतं. मला सुटकाही नको होती आणि शिक्षाही सोसवत नव्हती. डबा देताना तिची आई म्हणायची, "मॅडम, तुम्ही किती करून राहिल्या वं आमच्यासाठी," आणि मला तिथून पळून जावंसं वाटायचं.

प्लेटलेट वाढल्या. पोर घरी आली, वाळलेली, पण चिडचिड करण्याइतकी बरी. पंधरा दिवसांनी वही घेऊन पुन्हा त्याच खिडकीखाली बसली. शाळेत सगळ्यांना डेंग्यूचं चित्र काढायला सांगितलं होतं. तिनं चारही गोष्टी काढल्या आणि शेवटच्या बाणाशी अडली.

"डासापासून अंडी कशी होते, मॅडम?"

"मादीला अंडी घालायला रक्त लागतं. आपलं."

तिनं थोडा विचार केला आणि त्या बाणावर दोन वेण्यांची एक मुलगी काढली. "म्हणजे इथं मी होती?"

इतकी वर्षं अर्धा गुण कापला, पण त्या बाणावर माणूस असतं हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. तिला न्यायला आलेली आई दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "हो, इथं ही होती. आणि टाकी माझी होती. चादरीखाली पाणी होतं, अळ्या होत्या. मी त्या बायांना पाहूसुद्धा दिलं नाही."

ती रागावली नाही. पोरीची वही दप्तरात भरत म्हणाली, "मले माहीत होतं, मॅडम. वारा आला की चादर उडे, आमच्या गच्चीवरून पाणी दिसे. रोज मनात ये, सांगाव म्हणून."

"मग सांगितलं काहून नाही?" घाईत माझ्या तोंडून तिचीच बोली निघाली.

"तुम्हाले कसं सांगू? तुम्ही ओरडल्या असत्या."